‘जनतेचा शत्रू’ ही शिवी आणि तिच्याआड दडणारी बातमी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि तिथली प्रसारमाध्यमे यांच्यातील वादाच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या परदेशी घडामोडींच्या पानावर वरचेवर येतात आणि मी त्या नेमाने वाचते. त्यांचा साचा बहुधा ठरलेला असतो. अध्यक्ष अमुक वाहिनीवर घसरले, तमुक वार्ताहराला त्यांनी सर्वांदेखत झापले, पत्रकारांच्या संघटनेने निषेध नोंदवला. शिवी मथळ्यात असते आणि निषेध शेवटच्या परिच्छेदात. पण ज्या बातमीवरून हे सारे रामायण घडले ती नेमकी काय होती आणि ती खरी ठरली की खोटी, याचा मात्र पत्ता नसतो. माझे म्हणणे एवढ्याच उणिवेविषयी आहे, परंतु ती का खटकते हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

१७ फेब्रुवारी २०१७ रोजी, म्हणजे सत्तेवर येऊन महिनाही पुरा झाला नव्हता तेव्हा, ट्रम्प यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’, एनबीसी, एबीसी, सीबीएस आणि सीएनएन यांची नावे घेऊन ट्विटरवर जाहीर केले की, ही माध्यमे माझी शत्रू नाहीत, ती अमेरिकी जनतेची शत्रू आहेत. जगभर गाजला तो या विधानाचा उत्तरार्ध. माझ्या मते पूर्वार्ध अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. टीका झोंबलेला पुढारी ‘ही मंडळी माझ्या वाईटावर आहेत’ असे म्हणतो तेव्हा ती त्याची वैयक्तिक तक्रार असते. ऐकणाऱ्याला ती तपासून पाहता येते, त्यात तथ्य असेल तर मान्य करता येते आणि नसेल तर पुढाऱ्याच्या कातडीचा पातळपणा म्हणून सोडूनही देता येते. पण ‘माझे राहू द्या, ही तुमच्या मुळावर उठली आहेत’ असे तो म्हणाला की वडाची साल पिंपळाला लागते. ज्याच्या कारभाराबद्दल बातमी आली तो पुढारी वादातून अलगद बाजूला होतो, त्याच्या जागी श्रोत्यालाच उभे केले जाते, आणि आपल्यावर हल्ला झाला आहे असे वाटणारा माणूस बातमीचा तपशील विचारत बसत नाही.

त्या आठवड्यात काय चालले होते? ९ फेब्रुवारीला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बातमी दिली की, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकल फ्लिन यांनी पदावर येण्यापूर्वी रशियाचे राजदूत सर्गेई किसल्याक यांच्याशी अमेरिकेने लादलेल्या निर्बंधांविषयी चर्चा केली होती, आणि अशी चर्चा झालीच नाही असे सरकारतर्फे जाहीरपणे सांगितले जात होते. चार दिवसांनी, १३ तारखेला, फ्लिन यांना राजीनामा द्यावा लागला. बातमी खरी होती. १४ तारखेला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिले की, ट्रम्प यांच्या प्रचारातील सहकाऱ्यांचे रशियन गुप्तचर अधिकाऱ्यांशी वारंवार संपर्क झाले होते. या दुसऱ्या बातमीबद्दल एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे माजी प्रमुख जेम्स कोमी यांनी जून २०१७ मध्ये सिनेटच्या समितीसमोर शपथेवर सांगितले की, ती मुख्यतः खरी नव्हती. वृत्तपत्र आपल्या बातमीवर ठाम राहिले, आणि कोमी हे काही ट्रम्प यांचे स्नेही नव्हते. ट्रम्प यांनीच त्यांना महिनाभरापूर्वी पदावरून काढले होते.

एकाच आठवड्यातील दोन बातम्यांपैकी एक खणखणीत आणि दुसरी वादग्रस्त होती. अध्यक्षांना दुसऱ्या बातमीतील चुका मुद्द्यांनिशी दाखवता आल्या असत्या, तसा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि कदाचित ते त्या वादात जिंकलेही असते. पण तसे करताना पहिल्या बातमीलाही तोच नियम लागू झाला असता आणि ती खरी असल्याचे कबूल करावे लागले असते. ‘जनतेचा शत्रू’ म्हटले की ही अडचण उरत नाही. सुक्याबरोबर ओलेही जळून जाते. गंमत अशी की, ज्या ‘पोस्ट’च्या बातमीमुळे सल्लागाराचे पद गेले त्याचे नाव त्या यादीत नव्हतेच. यादी करणाऱ्याला कुठल्या बातमीचा हिशेब चुकता करायचाच नव्हता, हे त्यावरून कळते.

या शिवीचा इतिहास फारसा शोभिवंत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतपर्वात १० जून १७९४ रोजी जो कायदा झाला, त्यात ‘जनतेचे शत्रू’ कोण याची यादीच दिलेली होती, आणि लोकांत फूट पाडण्यासाठी किंवा त्यांना अस्वस्थ करण्यासाठी खोट्या बातम्या पसरवणारे त्या यादीत होते. शिक्षा एकच, मृत्युदंड. कटाचा आरोप असलेल्यांना वकील मिळणार नव्हता आणि ज्युरींच्या मनाची खात्री पटली तरी पुरावा म्हणून ते पुरेसे होते. कायदा आणणाऱ्या गटाचा म्होरक्या रोबेस्पिएर दोन महिन्यांच्या आत स्वतःच खटल्याशिवाय गिलोटिनखाली गेला. पुढे सोव्हिएत संघात स्टालिनच्या काळात हाच शिक्का लाखो माणसांवर बसला, आणि त्याचे मर्म सर्वांत नेमकेपणाने सांगितले ते स्टालिनच्याच कम्युनिस्ट पक्षाचे नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी. फेब्रुवारी १९५६ मधील बंद दाराआडच्या भाषणात ते म्हणाले की, या संज्ञेमुळे समोरच्या माणसाच्या चुका सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये जेफ फ्लेक यांनी, म्हणजे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या सदस्याने, या भाषणाची आठवण करून दिली होती.

यावरून अमेरिकेत स्टालिनशाही आली असा निष्कर्ष काढणे म्हणजे पराचा कावळा करणे होईल आणि मला तो काढायचा नाही. तिथे वृत्तपत्रे निघत आहेत, न्यायालये चालू आहेत, अध्यक्षांवर दररोज जहरी टीका होत आहे. साम्य आहे ते ख्रुश्चेव्ह यांनी दाखवलेल्या एका गोष्टीपुरते: सिद्ध करण्याच्या जबाबदारीतून मिळणारी सुटका. तेवढे साम्य मात्र पुरेसे गंभीर आहे.

अमेरिकेतही पुढाऱ्यांचा पत्रकारांवरील राग नवा नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी दूरचित्रवाणीच्या भाष्यकारांवर भाषणातून तोफ डागली होती. अध्यक्षांचे भाषण संपते न संपते तोच, कोणी निवडून न दिलेली मूठभर माणसे त्याचा निकाल लावून मोकळी होतात, अशी त्यांची तक्रार होती. ॲग्न्यू पुढे करचुकवेगिरीच्या प्रकरणात पद सोडून गेले, पण म्हणून त्यांचा तो मुद्दा निखालस पोकळ ठरत नाही. त्याला उत्तर देता येत होते आणि ते दिलेही गेले. तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी तर डिसेंबर १९७२ मध्ये आपले सल्लागार हेन्री किसिंजर यांना ‘वृत्तपत्रे शत्रू आहेत’ असे पुन्हा पुन्हा बजावले होते आणि त्याच दमात प्राध्यापकांनाही शत्रूंच्या यादीत बसवले होते. ते ध्वनिमुद्रण लोकांनी ऐकले ते २००८ मध्ये. निक्सन यांना हे वाक्य चारचौघांत बोलण्याची लाज वाटली असावी. निदान त्याची राजकीय किंमत मोजावी लागेल एवढे तरी ते जाणून होते. २०१७ मध्ये तेच वाक्य उघड्यावर आले आणि त्याची किंमत वसूल होण्याऐवजी त्यावर टाळ्या मिळाल्या. माझ्या दृष्टीने मोठा बदल हा आहे.

टाळ्यांचे तंत्र थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. ट्रम्प यांच्या सभांमध्ये पत्रकारांसाठी कठडे लावून जागा राखलेली असे आणि कॅमेरे त्यातील उंच चौथऱ्यावर असत. भाषण रंगात आले की वक्ता त्या दिशेने हात करी आणि हजारो माणसे व्यासपीठाकडे पाठ करून कठड्यामागच्या वीस-पंचवीस माणसांकडे वळून हुर्यो उडवीत. त्या माणसांत बातमी लिहिणारे असतात, तसे केबल ओढणारे, प्रकाशाची आणि ध्वनीची व्यवस्था पाहणारे, आयुष्यात कधी राजकीय बातमीची एक ओळ न लिहिलेले तंत्रज्ञही असतात. गर्दीला तो फरक दिसत नाही, दिसावा अशी अपेक्षाही नसते. आणि वक्त्याची छबी घरोघरी पोहोचवत असतात ते याच चौथऱ्यावरचे कॅमेरे! वाहिन्यांनी २०१६ च्या निवडणुकीत या सभा तासन् तास थेट दाखवल्या, त्यावर प्रेक्षक आणि जाहिराती मिळवल्या, आणि नंतर त्याच सभांमधील भाषेबद्दल हळहळ व्यक्त केली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागेल.

शब्दांचे परिणाम झाले की नाही, या प्रश्नाला जपून उत्तर दिले पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’च्या कचेरीत दूरध्वनी करून कर्मचाऱ्यांना गोळ्या घालण्याची धमकी देणाऱ्या एका माणसाला अटक झाली, धमकीत त्याने ‘जनतेचे शत्रू’ हेच शब्द वापरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांच्या एका कट्टर समर्थकाने त्यांच्या अनेक टीकाकारांना टपालाने स्फोटके पाठवली, आणि त्यातील एक पाकीट सीएनएनच्या न्यूयॉर्कमधील कार्यालयात पोहोचले. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसद भवनावर ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला तेव्हा माध्यमांची हत्या करा, अशा अर्थाचे शब्द तिथल्या एका दारावर कोरले गेले आणि बाहेर वार्ताहरांची यंत्रसामग्री फोडून तिचा ढीग केला गेला. हे दुवे स्पष्ट आहेत. पण जून २०१८ मध्ये ॲनापोलिस येथील ‘कॅपिटल गॅझेट’च्या कार्यालयात पाच जणांची हत्या झाली, तीही घाईघाईने याच खात्यावर मांडली जाते; ते योग्य नाही. त्या मारेकऱ्याचा त्या वृत्तपत्रावरील डूख २०११ मधील एका मजकुरापासूनचा होता. सोयीचे वाटते म्हणून हे उदाहरण वापरणारा पत्रकार, पुराव्याची गरज नाही असे मानणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसतो.

आता माध्यमांच्या बाजूकडे वळते. गॅलप या संस्थेच्या पाहणीनुसार १९७६ मध्ये ७२ टक्के अमेरिकी नागरिकांचा वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी किंवा पुष्कळ विश्वास होता. २०१६ मध्ये तो ३२ टक्क्यांवर आला होता आणि २०२५ मध्ये २८ टक्क्यांवर. म्हणजे घसरणीचा मोठा भाग त्या ट्विटच्या आधीचा आहे. विश्वासाची जमीन आधीच भुसभुशीत झाली होती, पुढाऱ्याने तिच्यात पेरणी केली एवढेच.

ती का भुसभुशीत झाली याची अनेक कारणे सांगितली जातात. माझ्या मते त्यांतील सर्वांत मोठे कारण शत्रुत्वाच्या आरोपाच्या अगदी उलट्या टोकाला आहे. २००२-०३ मध्ये इराककडे सर्वसंहारक शस्त्रे असल्याचे सरकार सांगत होते, आणि देशातील प्रतिष्ठित वृत्तपत्रे सरकारी सूत्रांच्या व इराकी परागंदांच्या भरवशावर ते पहिल्या पानावर छापत होती. नाइट रिडर या वृत्तसमूहाच्या वॉशिंग्टन कार्यालयातील वार्ताहर खालच्या स्तरावरील अधिकाऱ्यांना विचारून वेगळे चित्र मांडत होते, पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. युद्ध झाले, शस्त्रसाठे सापडले नाहीत, आणि २६ मे २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकांनी आपले वार्तांकन हवे तितके काटेकोर नव्हते, असे वाचकांना लिहून कळवले. एका पिढीतील ही सर्वांत महागडी चूक माध्यमे सरकारच्या विरोधात गेल्याने झाली नव्हती. ती सरकारच्या पुरेशी विरोधात न गेल्याने झाली होती. ‘शत्रू’ म्हणणाऱ्यांच्या यादीत ही चूक सहसा सापडत नाही.

लहान चुका तर होतच असतात. ८ डिसेंबर २०१७ रोजी सीएनएनने बातमी दिली की, गोपनीय कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेच्या कागदपत्रांकडे नेणारा ई-मेल ट्रम्प यांच्या मुलाला ४ सप्टेंबर २०१६ रोजी आला होता. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने तो ई-मेल मिळवून पाहिला, तर त्यावर १४ सप्टेंबर ही तारीख होती, आणि तोवर ती कागदपत्रे सर्वांसाठी खुली झालेली होती. एक आकडा बदलला आणि सनसनाटी बातमीतील हवाच गेली. त्याच्या आठवडाभर आधी एबीसीने फ्लिन यांच्याबाबत चुकीची बातमी देणाऱ्या आपल्या ज्येष्ठ वार्ताहराला चार आठवडे बिनपगारी निलंबित केले होते. या चुका लाजिरवाण्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या होत्या, हेही नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सीएनएनची चूक उघडकीला आणली ती ‘शत्रूं’पैकीच दुसऱ्या एका वृत्तपत्राने, आणि ती दुरुस्त झाली ती त्याच दिवशी.

मग माध्यमांनी उत्तर कसे द्यावे? १६ ऑगस्ट २०१८ रोजी ‘बॉस्टन ग्लोब’च्या पुढाकाराने तीनशेहून अधिक वृत्तपत्रांनी एकाच दिवशी अग्रलेख लिहून, आम्ही जनतेचे शत्रू नाही, असे सांगितले. त्याच दिवशी सिनेटनेही तशा अर्थाचा ठराव विरोधाशिवाय मंजूर केला, आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही पूर्ववत सुरू झाले. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या मोहिमेपासून दूर राहिला. आम्ही एकदिलाने काम करणारा गट आहोत असा समज पसरवायला आम्हीच का हातभार लावावा, असा त्यांचा सवाल होता. मला ती भूमिका अधिक शहाणपणाची वाटते. तुम्ही सारे एक होऊन माझ्यावर उठला आहात असे जो म्हणतो, त्याला साऱ्यांनी मिळून एकाच दिवशी उत्तर देणे म्हणजे त्याच्याच हाती कोलीत देणे होय. शिवाय ‘लोकशाहीचा चौथा स्तंभ’ हे पालुपद मला ढालीसारखे वाटू लागले आहे. माध्यमांवरील टीका म्हणजे लोकशाहीवर हल्ला, असे म्हटले की तिथेही मूळ बातमी खरी की खोटी हा प्रश्न बाजूलाच पडतो. आणि माध्यमे तरी या भाषेपासून कुठे दूर आहेत? ब्रेक्झिटसंबंधीच्या न्यायालयीन निकालानंतर ४ नोव्हेंबर २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींची छायाचित्रे पहिल्या पानावर छापून त्यांना ‘जनतेचे शत्रू’ ठरवणारा मथळा ‘डेली मेल’ या ब्रिटिश वृत्तपत्राचाच होता.

हेतूविषयी फार तर्क लढवण्याची गरज नाही. सीबीएसच्या ज्येष्ठ पत्रकार लेस्ली स्टॉल यांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले की, माध्यमांवर सतत का तुटून पडता असे त्यांनी २०१६ च्या निवडणुकीनंतर ट्रम्प यांना खासगीत विचारले होते. तुम्हा सर्वांची पत घालवावी, म्हणजे तुम्ही माझ्याविरुद्ध लिहाल तेव्हा कोणी विश्वास ठेवणार नाही, असे उत्तर मिळाल्याचे त्या सांगतात. स्टॉल यांचे कथन खरे मानले, तर ही शिवी एखाद्या छापून आलेल्या बातमीवरची प्रतिक्रिया नसून पुढे येणाऱ्या बातमीविरुद्ध आधीच केलेली तजवीज आहे.

शिवीवरून कृतीकडे जाण्याचा रस्ताही आता दिसू लागला आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये सीएनएनच्या एका वार्ताहराचा व्हाइट हाउसचा प्रवेश परवाना काढून घेतला गेला, तेव्हा न्यायालयाने तो नऊ दिवसांत परत करायला लावला आणि ट्रम्प यांना अनुकूल मानली जाणारी फॉक्स न्यूज ही वाहिनीदेखील सीएनएनच्या बाजूने उभी राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला अध्यक्षांच्या कार्यालयातील कार्यक्रमांतून वगळण्यात आले. खोटी बातमी दिल्याचा आरोप त्यामागे नव्हता. मेक्सिकोच्या आखाताचे सरकारने बदललेले नाव ती संस्था आपल्या लेखनात जसेच्या तसे स्वीकारायला तयार नव्हती, एवढेच कारण होते. एप्रिलमध्ये जिल्हा न्यायाधीशांनी, ज्यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केली होती, संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. जूनमध्ये वरिष्ठ न्यायालयाच्या पीठाने त्यातील बऱ्याच भागाला दोन विरुद्ध एक मतांनी स्थगिती दिली. शत्रू ठरवलेल्याला दार बंद करण्यासाठी आता चुकीची बातमीसुद्धा लागत नाही, हे या प्रकरणातून दिसते.

या पार्श्वभूमीवर आपणाकडे माझी मागणी साधी आहे. पुढारी कुठल्याही देशाचा वा पक्षाचा असो, त्याने माध्यमांना शत्रू, देशद्रोही किंवा विकले गेलेले म्हटल्याची बातमी आपण द्याल, तेव्हा त्याच बातमीत दोन ओळींत सांगावे की राग कोणत्या वृत्तावर होता, त्या वृत्तात काय म्हटले होते, आणि त्यातील कोणता तपशील चुकीचा असल्याचे पुढाऱ्याने दाखवले. त्याने काहीच दाखवले नसेल, तर तेही लिहावे. मूळ वृत्त पुढे चुकीचे ठरले तर ती बातमीही तितक्याच तत्परतेने यावी. फ्लिन यांच्या राजीनाम्याला जेवढी जागा मिळते तेवढीच कोमी यांच्या साक्षीतील त्या एका विधानालाही मिळावी. आपल्याच पानावर चूक झाली असेल, तर तिची दुरुस्ती आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात न देता मूळ बातमी ज्या पानावर आली होती त्याच पानावर द्यावी, आणि आधी काय छापले होते तेही त्यात लिहावे.

कळावे,

आपली नम्र,
एक नियमित वाचक